भिकनराव निरभवणे यांचा पिवळा दिवा

भिकनराव निरभवणे आणि त्यांची गाडी यांची पहिली नजरानजर झाली त्या क्षणी द्वारका चौकातली सगळी वाहतूक जागच्या जागी थांबली, असं भिकनराव सांगतात. द्वारका चौकातली वाहतूक रोजच थांबते. त्या दिवशी ती या दोघांसाठी थांबली याला पुरावा नाही. पण भिकनराव पुराव्यासाठी थांबणारे नव्हेत. गोविंदनगरातल्या एका निवृत्त मास्तरांच्या पार्किंगमध्ये ती उभी होती, अंगानं चंदेरी, आणि भिकनराव फाटकातून आत येताच तिनं मान वळवून पाहिलं. झाडावरचे कावळे गप्प झाले. वरच्या मजल्यावरचा कुकर शिट्टी द्यायची विसरला. गोदावरीचं पाणी त्या दुपारी कारण नसताना वीतभर वाढलं असावं, पण तेव्हा तिकडे बघायला कोणाला सवड होती? सोबत मालनबाई होत्या. त्यांना विचारलं तर त्या एवढंच सांगतात की मास्तरीणबाईंनी चहा दिला होता आणि तो गार होता.

जुनी गाडी घेताना माणसं टायरला लाथ मारून बघतात, इंजिनला कान लावतात, एक चक्कर मारून आणतात. भिकनरावांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, खिशातून पांढरा रुमाल काढला, इंजिनच्या अंगावरून फिरवला आणि उजेडात धरून पाहिला. रुमालावर जेमतेम एक करडी रेघ उठली होती.

"जॉब स्वच्छ आहे," ते म्हणाले, आणि सौदा झाला. गाडी किती पळाली आहे हे विचारायचं राहूनच गेलं.

'जॉब' हा शब्द ओझरचा; हाताखाली आलेल्या कुठल्याही भागाला तिथं जॉब म्हणत. भिकनरावांची तीसेक वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात गेली. कोणी विचारलं तर ते "विमानात होतो" एवढंच सांगत. त्यामुळं आडगाव नाक्याजवळच्या त्यांच्या त्रिशरण कॉलनीत निम्म्या लोकांचा समज असा की निरभवणे विमानं बनवत, आणि उरलेल्यांचा असा की ते चालवत. प्रत्यक्षात ते धूत. विमानाचे खोलून काढलेले भाग तपासणीसाच्या टेबलावर जायच्या आधी धुलाईच्या शेडमध्ये येत, आणि तिथं भिकनराव गुडघ्याएवढे गमबूट घालून त्यांना न्हाऊ-माखू घालत. तेल, काजळी, चिकटा, सगळं काढून तो भाग नवऱ्यामुलासारखा करून ते भिंतीपलीकडे सरकवून देत. पलीकडे वाळवणीचं खातं होतं. तिथं काय चालतं याच्याशी भिकनरावांना कर्तव्य नव्हतं. ज्याचं त्याचं खातं ज्यानं त्यानं बघावं. मात्र शेडचा एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता: मळका जॉब तपासणीला जाणार नाही.

हा नियम गेटवर ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. दाताच्या डॉक्टरकडे जायच्या आधी ते इतका वेळ दात घासत की डॉक्टरला दुखरा दात कोणता ते कळेना, सगळ्याच हिरड्या लाल. मुलगा रवी लहानपणी तापानं फणफणला असताना त्याला दवाखान्यात नेण्याआधी कोमट पाण्यानं लख्ख अंघोळ घातली, आणि डॉक्टरांनी कपाळाला हात लावून "ताप कुठंय?" असं विचारलं. मालनबाई हे सगळं संसाराच्या सुरुवातीला हसून, मग रागावून आणि पुढं नुसतं बघून सोडून देत आल्या होत्या. आता त्यांच्या चेहऱ्यावर एक कायमचा, शांत थकवा असे, लांबच्या गाडीत मधल्या स्टँडवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा.

गाडी घेतली ती मालनबाईंसाठी. त्यांचं माहेर सटाण्याचं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत भिकनराव कंपनीच्या बसनं, राखीव सीटवर, खिडकीशी बसून ओझरला गेले आणि आले. मालनबाई मात्र एका कडेवर रवी, एका हाताला मुलगी मनाली आणि उरलेल्या हातात पिशवी अशा एसटीत उभ्यानं सटाण्याला गेल्या आणि आल्या. ही गोष्ट भिकनरावांना उशिरा खुपली, पण खुपली ती खोल. निवृत्तीच्या निरोप समारंभात, गळ्यात हार असताना, त्यांनी माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं की आता मी माझ्या मालनला स्वतःच्या गाडीतून तिच्या माहेरच्या दारात उतरवीन. टाळ्या पडल्या. मालनबाई पहिल्या रांगेत होत्या. शेजारणीनं कोपरानं ढोसलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उतरवतील. दार कुठं पळून जातंय?"

सुरुवातीचे काही महिने खरोखरच सुखाचे गेले. मग रवीनं पुण्याहून बापासाठी गाडी धुवायचा पंप पाठवला. नळाला जोडायचा, विजेवर चालायचा आणि पाण्याची अशी धार सोडायचा की चिखलच काय, रंगही दचकावा. भिकनरावांना शेडचे दिवस परत मिळाले. त्यांनी माळ्यावरून गमबूट काढले. दर रविवारी सकाळी विहारात वंदनेला जायच्या आधी गाडीची अंघोळ ठरलेली. आधी टप, मग दारं, मग चाकं, आणि शेवटी बॉनेट उघडून आतलं इंजिन, कानाकोपऱ्यासकट.

अशाच एका सकाळी त्यांनी चावी फिरवली आणि गाडी खोकली. म्हणजे सुरू झाली, पण म्हाताऱ्या माणसानं उठताना घसा खाकरावा, गुडघ्यावर हात द्यावा आणि आत कुठंतरी काहीतरी निसटल्यासारखं वाटून परत बसावं, तशी. सगळं धूड थरथरायला लागलं. आरशात मागची भिंत थरथरली. आणि स्टिअरिंगच्या मागं, आजवर कधी न दिसलेला एक पिवळा दिवा डोळे मिचकावायला लागला. बाजूच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ एवढाच होता की इंजिनची तपासणी करून घ्यावी.

तपासणी! सगळ्या भाषांतल्या सगळ्या शब्दांतून त्या गाडीला नेमका हाच शब्द सुचावा. भिकनरावांनी गाडी बंद केली, बॉनेट उघडलं आणि यादव मिस्त्रीकडे न्यायच्या आधी इंजिन पुन्हा एकदा, नीट, धुऊन काढलं.

यादवचं गॅरेज अमृतधामच्या पुढं. मोठं हुशार नाही आणि फार लबाडही नाही, असं ते गॅरेज होतं. तिथं पोचेपर्यंत गाडी थरथरत, दिवा मिचकावत गेली. पण यादवकडे पुढं चार गाड्या होत्या. भिकनरावांची गाडी उन्हात उभी राहिली, आणि दुपारी यादवनं चावी फिरवली तेव्हा ती अशी सुरू झाली की गाईनं वासराला चाटावं.

"काका, दिवा कुठंय?"

"आत्ता होता."

"मग आत्ता गेला," यादव म्हणाला.

पुढची दोन वर्षं हे असंच चाललं. ज्याला असं दुखणं भोगावं लागलं आहे त्यालाच त्याची दमणूक कळेल. कायमचा बिघाड हा सज्जन असतो; तो येतो, बसतो, डॉक्टरला भेटतो. हा मधूनच येणारा. दिवा आठवड्यातून एकदा दिसायचा, कधी दोनदा, आणि दुसऱ्या दिवशी नाहीसा. यादवनं आपलं यंत्र जोडून पाहिलं. ते म्हणालं, चारांपैकी एक सिलिंडर अधूनमधून काम सोडतो. का सोडतो हे यंत्राला ठाऊक नव्हतं. यादव म्हणाला, प्लग असतील. त्यानं चारही प्लग काढून फडक्यावर ठेवले, त्यातला एक उचलून, "हा वरून गंजल्यासारखा का वाटतो?" असं स्वतःशीच पुटपुटला आणि चहा प्यायला गेला.

तो चहा पिऊन येईपर्यंत भिकनरावांनी चारही प्लग पॉलिश पेपरनं घासून, रुमालानं पुसून, ओळीत मांडून ठेवले होते. तपासायला ठेवलेली वस्तू अशी गंजकी? यादवनं येऊन पाहिलं आणि म्हणाला, "प्लग तर चकाचक आहेत. मग बॅटरी बघू."

बॅटरी बदलली. मग एक सेन्सर बदलला. मग त्या सेन्सरला जाणारी वायर. प्रत्येक वेळी भिकनराव आदल्या नाहीतर त्याच सकाळी गाडीला न्हाऊ घालून नेत, प्रत्येक वेळी दिवा घरापासून गॅरेजपर्यंत मिचकावत येई आणि यादवचं तोंड दिसताच विझे. यादवला वाटायला लागलं की काकांना घरी करमत नाही. कॉलनीतल्या लताबाईंनी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधायचा सल्ला दिला. भिकनरावांनी हात जोडून सांगितलं की आमच्यात हे असलं चालत नाही. जगात कारणाशिवाय काही घडत नाही, कारण शोधायचं असतं. लताबाई म्हणाल्या, शोधा की मग, लिंबू कुठं आडवं येतंय.

शोधत तर ते होतेच. त्यांना हल्ली स्वप्नातही तो दिवा दिसे. बोलता बोलता ते मधेच गप्प होत आणि कान देऊन ऐकत, जणू पार्किंगमधून कोणी हाक मारली. जेवणात मीठ कमी पडलं तर आधी ते पेट्रोलबद्दल बोलत. वाढत्या वयात माणसाला काही ना काही लागतंच, कोणाला साखर, कोणाला सांधे. भिकनरावांना इंजिन लागलं होतं. आणि गाडीत शेजारी बसणाऱ्या मालनबाईंना ते त्यांच्याइतकंच लागलं होतं, कारण प्रवासात भिकनराव दर फर्लांगावर विचारत, "दिसतोय का गं? मला ऊन लागतंय, तू बघ." मालनबाई बघत. पिंपळगाव आलं, गेलं. द्राक्षाच्या बागा आल्या, गेल्या. मालनबाई त्या न लागलेल्या दिव्याकडे बघत बसलेल्या.

या सगळ्याचा कळस झाला तो स्नेहाच्या साखरपुड्याला. स्नेहा मालनबाईंच्या धाकट्या भावाची मुलगी, म्हणजे त्या सख्ख्या आत्या. त्यांच्या घरात रीत अशी की साखरपुड्याची साडी मुलीच्या खांद्यावर आत्यानं घालायची. मालनबाईंनी ती साडी स्वतः येवल्याला जाऊन आणली होती. भिकनरावांनी उजाडायच्या आधी उठून गाडी धुतली. एवढ्या मोठ्या कार्याला निघायचं म्हणून इंजिनवर दोन हात जास्तच फिरवले.

आणि गाडी अशी थरथरली की मागच्या सीटवर ठेवलेली साडीची पिशवी घरंगळून खाली पडली.

मालनबाई म्हणाल्या, आपण नाक्यावरून एसटी धरू. भिकनराव म्हणाले, भावडबारीच्या घाटात बंद पडली तर? आधी यादवला दाखवू, दहा मिनिटांचं काम. यादव यायला दहा वाजले. त्यानं बॉनेट उघडलं, बंद केलं, चावी फिरवली, आणि गाडी नेहमीसारखी गुणी मुलीसारखी सुरू झाली. सटाण्याला पोचले तेव्हा मंडप रिकामा होत होता. लोक आइस्क्रीमच्या काड्या चोखत होते. साडी स्नेहाच्या खांद्यावर घातली गेली होती. मुलीच्या आईची बहीण छाया हिनं, दुसरीच कोणती तरी, ऐन वेळी दुकानातून आणलेली. मालनबाईंनी हातातली पिशवी भावजयीकडे दिली.

परतीच्या वाटेवर दिवा एकदाही लागला नाही. भिकनरावांनी हे दोनदा सांगितलं. देवळा गाव मागं पडलं. मग मालनबाई म्हणाल्या, "लग्नाला मी एसटीनं जाणार. तुम्ही गाडीनं या, नाहीतर गाडीला घेऊन या, नाहीतर तिच्यापाशी घरी बसा. मला राग नाही आला. मी दमले."

राग आला असता तर भिकनरावांना काही करता आलं असतं. माफी मागता आली असती, जिलबी आणता आली असती. दमलेल्या माणसापुढं काय ठेवायचं ते त्यांना सुचेना. लग्न मेमध्ये होतं. तोपर्यंत कारण सापडलं नाही तर मालनबाई पुन्हा एसटीत चढणार होत्या आणि निरोप समारंभातलं ते वाक्य आयुष्यभर हवेत लटकत राहणार होतं. रवीचा फोन आला. तो म्हणाला, बाबा, विकून टाका. भिकनराव म्हणाले, आजारी माणूस विकतात का? रवी म्हणाला, बाबा, ती गाडी आहे. भिकनरावांनी विषय बदलून आयुषच्या, म्हणजे नातवाच्या, परीक्षेबद्दल विचारलं.

यादवनं आता शेवटचा उपाय म्हणून पेट्रोलचा पंप बदलला. आणि काय आश्चर्य! दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी भिकनरावांनी सकाळी, दुपारी आणि दिवे लागताना नुसती चावी फिरवून पाहिली. गाडी दर वेळी गुरगुरली, दर वेळी गोड. रविवार आला, गेला. पिवळा दिवा जणू सेवानिवृत्त झाला. भिकनरावांनी यादवला पेढे नेऊन दिले. यादवनं खाल्ले, पण त्याचा चेहरा आपण काय केलं हे न समजलेल्या माणसाचा होता.

या सगळ्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती, पण तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. कॉलनीच्या तोंडाशी रस्त्याचं काम निघालं होतं, खोदताना पाण्याचा पाइप फुटला होता, आणि आठवडाभराहून जास्त कॉलनीला टँकरचं पाणी होतं. बायका हंड्यांच्या रांगेत उभ्या होत्या. अशा दिवसांत गाडी धुवायचं नाव काढलं असतं तर लताबाईंनी लिंबू-मिरची गाडीला नव्हे, भिकनरावांना बांधली असती.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मालनबाईंनी पोळ्या लाटता लाटता विचारलं, "खरंच बरी झाली?"

"एकदम. पंपच होता. पेट्रोलचा."

मालनबाईंनी पोळी उलटली. "बरं. मग जाऊ गाडीनं."

हे चार शब्द ऐकून भिकनरावांना जे झालं त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. त्या संध्याकाळी पाइप जोडून झाला आणि नळाला पाणी आलं, हाही त्यांना शुभसंकेतच वाटला असता, पण ते संकेत मानत नसत. नुसता आनंद मानला. पहाटे उठून त्यांनी गमबूट घातले. इतक्या दिवसांची धूळ, तीही खोदकामाची. टप धुतला, दारं धुतली, चाकं धुतली. बॉनेट उघडलं. मालनबाईंच्या माहेरच्या दारात मळक्या इंजिनानं जायचं? पंपाची धार त्यांनी प्रत्येक बोळात, प्रत्येक सांदीत फिरवली. कॉलनीत उजाडत होतं, कोणाच्या तरी घरी वंदनेची टेप लागली होती, आणि इंजिन कसं न्हालेल्या बाळासारखं चमकत होतं.

मालनबाई पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून, पिशवी घेऊन खाली आल्या. पुढचं दार उघडून बसल्या. भिकनरावांनी चावी फिरवली.

गाडी खोकली, थरथरली. पिवळा दिवा मिचकावला. पडद्यावर ओळ आली: तपासणी करून घ्या.

भिकनराव खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि त्याच्यापुढं उभे राहिले. त्यांच्या पायात गमबूट होते. डाव्या हाताला पंपाचा पाइप पडला होता, त्याच्या तोंडातून अजून थेंब गळत होते. इंजिनच्या अंगावरूनही थेंब गळत होते. एक थेंब वरच्या झाकणावरून निघाला, काळ्या रबरी टोपीच्या कडेनं सरकत गेला आणि जिथं प्लग बसतो त्या खाचेत उतरला. त्याच्या मागून दुसरा. भिकनराव बघत राहिले. तीस वर्षं त्यांनी धुतलेला प्रत्येक भाग भिंतीपलीकडे गेला होता आणि तिथं गरम हवेच्या झोतात वाळवला गेला होता. त्रिशरण कॉलनीच्या पार्किंगला ती भिंतच नव्हती. पलीकडचं खातं इथं कोणी काढलंच नव्हतं.

टँकरच्या पाण्याचे ते सगळे दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. मग घासलेले प्लग. मग साखरपुडा. बॅटरी, सेन्सर, वायर, पंप, आणि यादवचं ते बावचळलेलं तोंड. कारणाशिवाय काही घडत नाही. कारण गमबूट घालून उभं होतं.

ते सांगायला वळले तेव्हा पुढची सीट रिकामी होती. मालनबाई पिशवी घेऊन फाटकाबाहेर पोचल्या होत्या. त्यांनी दारही आपटलं नव्हतं, हळूच लावलं होतं.

भिकनरावांनी हाक मारली नाही. त्यांनी त्या काळ्या टोप्या एकेक करून काढल्या, खाचांत फडक्याची वात घालून पाणी टिपलं, घरातून मनालीचा जुना केस वाळवायचा ड्रायर आणला आणि निवृत्तीनंतर प्रथमच पलीकडच्या खात्याचं काम केलं. गाडी सुरू झाली. थरथर नाही, दिवा नाही. आनंदही नाही, त्याला आता फार उशीर झाला होता.

सटाण्याची एसटी त्यांना पिंपळगावच्या पुढं दिसली. मागची काच, लाल पाठ, धूळ. ते पुढं घ्यायला म्हणून बाजूला आले आणि खिडकीत मालनबाई दिसल्या. शेजारी कोणी अनोळखी बाई होती, मांडीवर कोंबडीची टोपली नाहीतर भाजीची, दोघींच्या मधे कागदावर काकडी होती, आणि मालनबाई हसत होत्या. एका हातानं पदर सावरत, दुसऱ्या हातानं काहीतरी सांगत, मान मागं टाकून हसत होत्या. ऐकू काही येत नव्हतं, पण त्या अहिराणीत बोलत असणार हे भिकनरावांना ओठांवरून कळलं. नाशकात 'आहे' म्हणणारी त्यांची बायको भावडबारीच्या अलीकडेच 'शे' म्हणायला लागली होती. दोन वर्षांत त्यांच्या शेजारच्या सीटवर ही हसणारी बाई त्यांना कधी दिसली नव्हती. तिथं बसणारी बाई एका दिव्याकडे बघत बसायची.

भिकनरावांनी गाडी पुढं घेतली नाही. मागचे लोक भोंगे वाजवत राहिले, आणि निरभवण्यांची चंदेरी गाडी सोग्रसपासून घाटातून थेट देवळ्यापर्यंत एसटीच्या मागून, तिच्याच चालीनं, थांब्याथांब्यावर थांबत गेली.

लग्न वेळेवर लागलं. त्रिशरण, पंचशील झालं, फुलं पडली, मालनबाई अगदी पुढं होत्या आणि या खेपेला कोणी त्यांच्या जागी उभं राहिलं नाही. जेवणं झाल्यावर भिकनराव त्यांच्यापाशी येऊन खुर्चीवर बसले. त्यांनी सगळं सांगितलं, थेंबापासून. काहीही झाकलं नाही. प्लग घासल्याचंही सांगितलं. गाडीत काही दोष नाही, कधीच नव्हता, असं म्हणताना त्यांचा आवाज थोडा ओला झाला.

मालनबाई ऐकत होत्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. भिकनरावांना वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. बराच वेळ हसल्या, डोळे पुसले आणि मग तो जुना थकवा परत चेहऱ्यावर येऊन बसला.

"मग आता नका धुऊ," त्या म्हणाल्या.

"नाही धुणार. परत जाताना येतेस ना गाडीनं? दारात उतरवतो. माहेरच्या नाही, तर आपल्या."

मालनबाईंनी मंडपाबाहेर पाहिलं. चंदेरी गाडी उन्हात उभी होती, खरंच सुंदर दिसत होती.

"अहो, दोन वर्षं मी त्या दिव्याकडं बघत बसले. रस्त्यात काय काय आहे ते सुद्धा विसरले. थोडे दिवस खिडकीतून बघू द्या मला."

"किती दिवस?"

"बघू," मालनबाई म्हणाल्या, आणि स्नेहाला निरोप द्यायला उठल्या.

भिकनरावांनी पंप लताबाईंना दिला. त्या त्यानं पायऱ्या धुतात. गाडी आता ओल्या फडक्यानं पुसली जाते, बॉनेट उघडत नाही, आणि रोज पहिल्या चावीला सुरू होते. ती आठवड्यातून एकदा भाजीला जाते. मालनबाई सटाण्याला एसटीनं जातात. भिकनराव त्यांना स्टँडवर पोचवायला जातात, रिक्षानं, कारण तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही.